बाळंतिणीचं ताट

लिहायचं तर लिही बाई, फक्त माझं नाव घालू नको. तूही चौथी शिकलेली आणि मीही चौथीच, म्हणून तुझ्याजवळ बोलते, एखाद्या शिकलेल्या बाईपुढं माझं तोंडच उघडत नाही. माझं माहेर वणीकडचं. दारातून सप्तशृंगीचा डोंगर दिसायचा. वडील दुसऱ्याच्या शेतात कामाला, आई पण त्याच शेतात, आणि आम्ही चार बहिणी. पाचवीची शाळा लांब होती आणि घरी धाकटीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून माझी शाळा सुटली. पण आईकडून मी एक गोष्ट शिकले, नसलेल्यातून करायला. मूठभर हुलगे असले तरी आई त्याचं माडगं असं करायची की सहाही माणसं जेवून उठायची. रानातली घोळाची भाजी, तांदूळजा, कुरडू, हे तर आम्ही हात धुऊन मागे लागल्यासारखं खाल्लं. आई म्हणायची, विकतचं कुणीही खातं गं, फुकटचं खायला अक्कल लागते.

ती अक्कल घेऊन मी लग्न करून नाशकात आले. तुझे भावजी अंबडच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होते, पगार आला की पहिले पंधरा दिवस आम्ही राजे आणि नंतरचे पंधरा दिवस मी. मी म्हणजे काय, माझी अक्कल. मार्केट यार्डात पालेभाजीचा लिलाव संपला की खाली काय काय पडलेलं असतं तुला माहीत नाही, फ्लॉवरची कवळी पानं, मुळ्याचा पाला, कोबीची वरची पानं, भाव पडला तर कोथिंबिरीच्या अख्ख्या जुड्या टाकून शेतकरी निघून जातो, बिचारा तोही रडत जातो. मी पिशवी घेऊन जायचे. तिथला एक हमाल रोज म्हणायचा, मावशी, बकऱ्या किती पाळल्या? मी म्हणायचे, चार, दोन मोठ्या न दोन बारक्या. तो हसायचा, मीही हसायचे, आणि माझ्या बकऱ्या काय खायच्या सांगू, फ्लॉवरच्या पानांची लसूण घालून परतलेली भाजी, मुळ्याच्या पाल्याचं बेसन लावलेलं कोरड्यास, दुधीच्या सालीची चटणी, शिळ्या भाकरीचा कुस्करा करून त्याला फोडणी. माझ्या दोन्ही पोरी, कविता मोठी आणि राणी धाकटी, यावर वाढल्या, आणि अशा वाढल्या की शाळेतल्या बाई विचारायच्या, तुम्ही पोरींना दूध किती देता हो? मी खाली मान घालून म्हणायचे, देतो तेवढं.

मला वाटायचं, आपल्याला कसलाही दिवस आला तरी आपण निभावू. काय सांगू तुला, तोच गर्व होता मला, सोन्याचा नव्हता की घराचा नव्हता, तेवढाच होता.

कविताला विंचूरला दिलं. जावई कांद्याच्या खळ्यावर कामाला, घरी थोडी जमीन, एक म्हैस, माणसं बोलायला जरा खडबडीत पण मनात काही ठेवत नाहीत. तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात आम्ही तिला आणली, पहिलं बाळंतपण माहेरी ही रीतच आहे, त्यात कुणाला काही सांगावं लागत नाही. आणि ती आली न आली तोच कंपनीला कुलूप लागलं. ठेकेदारानं फोन उचलणंच बंद केलं. तुझे भावजी मजुरांच्या नाक्यावर जाऊन उभे राहायचे, पण तिथं जवान पोरं उभी असताना पांढऱ्या केसांच्या माणसाला कोण नेतं, दहाला परत यायचे आणि चप्पल दाराबाहेर काढून तिथंच बसायचे, आत यायचे नाहीत. मी म्हटलं, आत या, तुम्ही काही चोरी केली नाही. ते म्हणाले, पोरीच्या डोळ्याला डोळा देववत नाही गं.

तरी मी घाबरले नव्हते. मी म्हटलं, आपण आहोत ना.

कविता सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली, गोरी, केस एवढाले. घरी आणली, बाजेवर निजवली, खाली शेगडी ठेवली, धुरी दिली, आणि मग पिशवी घेऊन मी आपली यार्डात गेले रोजच्यासारखी. तिथं फ्लॉवरची पानं वेचता वेचता माझा हात थांबला. ताई, फ्लॉवर बाळंतिणीला चालत नाही. कोबी चालत नाही. मुळा वातूळ. वांगं नको, गवार नको, वाटाणा नको, अंबाडी आंबट, बाळाचं पोट दुखतं. मी तशीच उभी राहिले. माझी सगळी अक्कल ज्या ज्या वस्तूवर चालायची त्यातली एकसुद्धा बाळंतिणीच्या ताटात ठेवता येत नाही, आणि ज्या ठेवायच्या असतात त्यातली एकही खाली पडलेली सापडत नाही. डिंक खाली पडतो का? खारीक, खोबरं, तूप, हळीव, बाळंतशोप, हे कोण टाकून जातं? शेपूची एक जुडी मिळाली, ती पण मागून घेतली. हमाल म्हणाला, काय मावशी, आज बकऱ्या उपाशी? मी जुडी पिशवीत टाकली आणि निघाले.

मग मी केलं जे करता येईल ते. रेशनचा तांदूळ होता, पण भात थंड, बाळंतिणीला बाजरीच पाहिजे, म्हणून शेजारणीला तांदूळ दिला आणि बाजरी घेतली. बाजरीचं पीठ भाजून त्यात गूळ आणि ओवा घालून लाडू वळले, तूप नव्हतं म्हणून तेलाचा हात लावला, ते वळेनात, फुटायचे, मी पुन्हा वळायचे. एक दिवस तुझे भावजी नारळ घेऊन आले. मी आनंदले, म्हटलं खोबरं झालं. मग विचारलं, कुठून आणला? ते म्हणाले, रामकुंडावरून. नदीत लोक सोडतात ते पोरं बाहेर काढतात आणि अर्ध्या भावात देतात. तिथं दहाव्याचे, पिंडाचे विधी चालतात, तो नारळ ओल्या बाळंतिणीच्या तोंडी मी कसा घालू? आम्ही दोघांनी त्याची चटणी करून खाल्ली आणि पोरीला सांगितलं, नारळ खवट निघाला.

कविता ताटावर बसली की मी वाढायचे आणि ती म्हणायची, बास आई, पोट भरलं. एक भाकर, शेपूची भाजी, लसणाची चटणी, आणि पोट भरलं. मला आधी खरं वाटलं. बाळंतिणीला भूक कमी लागत असेल म्हटलं, पण लागते गं, मला आठवत होतं, मी दोन्ही वेळा बाळंत झाले तेव्हा भिंत खाईन असं व्हायचं. मग एकदा मी पीठ काढत होते, तुला माहीत आहे, डबा भरलेला असला की बांगड्या वाजत नाहीत, तळाला हात गेला की पत्र्यावर वाजतात. बांगड्या वाजल्या आणि तिकडून बाजेवरून कविता म्हणाली, आई, मला आज अर्धीच टाक, सकाळचं अजून जिरलं नाही. मी वळून बघितलं तर ती बाळाच्या तोंडाकडं बघत होती. या घरात वाढलेली पोर ती. डब्याचा आवाज तिला माझ्या आधी कळायचा. तो बाजरीचा लाडू मी तिच्या हातात द्यायचे आणि राणी शाळेतून आली की त्यातला अर्धा राणीच्या हातात असायचा, लहानपणापासून तशीच वाटून खायची सवय, ती बाळंत झाली म्हणून सुटते का?

बाळ रडायला लागलं. दिवसभर रडायचं, छातीला लावलं की ओढायचं आणि सोडून रडायचं. दवाखान्याकडून घरोघर फिरणाऱ्या आशाताई आल्या, बाळाला काट्यावर ठेवलं, चेहरा उतरला त्यांचा. म्हणाल्या, आईला खायला घाला मावशी, दूध येत नाही तिला, तिला दोन माणसांचं खाऊ द्या. मी हो म्हटलं.

बाराव्याला बारशाला विहीणबाई आल्या विंचूरहून, जावई बरोबर. आल्या त्या दारातूनच बोलत, काय वो विहीणबाई, आमची नात पाण्यावर ठेवलीया का, पाय कसे काडीवानी. मी हसले, दुसरं काय करू. मग त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, डिंकाचे लाडू, झाकण उघडलं तर घरभर तुपाचा वास. कविताच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाल्या, खा गं बाय, लय केल्यात. कवितानं एक घेतला. मग दुसरा घेतला. मग तिसरा. मान खाली, कुणाकडं बघत नाही, बोलत नाही, पदरावर पडलेला चुरा बोटानं टिपून तोंडात घालते. बारा दिवस पोट भरलं म्हणणारी माझी पोर. मी उठले आणि मोरीवर जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसले.

थोड्या वेळानं विहीणबाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, सवा महिना लेक मायजवळ ऱ्हाती, अशी रीत हाय. म्या न्हेते म्हनायची नाय, लोक मला शिव्या घालतील, तुमचाबी अपमान व्हईल. पर घरी म्हस दूध देतीया. एवढंच बोलल्या बाई. वाईट बोलल्या असत्या तर मी भांडले असते, माझ्या अंगात तेवढी धग होती तेव्हा. पण त्या चांगलं बोलल्या.

मी हात धुतले आणि आत जाऊन सगळ्यांपुढं म्हटलं, न्या हिला आजच. जावई गडबडले, ते म्हणाले, आत्ती, अहो सवा महिना तरी. मी म्हटलं, इथं डास लय आहेत, मागं गटार आहे, लेकराला पुरळ येईल, तुमच्याकडं मोकळी हवा आहे. कविता माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं ही आता म्हणेल, आई मला कळलं, तू का पाठवतेस ते मला कळलं. तिला डब्याचा आवाज कळायचा ना. पण ती म्हणाली, बारा दिवसांत दमलीस का गं आई माझं करून?

तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं म्हणतेस? विहिणीपुढं? जावयापुढं? आणि बाप दारात पाठमोरा बसलेला, त्याच्या कानावर? मी म्हटलं, हो, दमले, कंबर धरली.

ती उठली आणि स्वतःच्या हातानं लंगोट्या घडी करून पिशवीत भरायला लागली. राणी रडायला लागली तिचा पदर धरून, अगं ताईला का पाठवते म्हणून. मी ओटी भरायला घेतली, लेक रिकाम्या ओटीनं निघत नाही. तांदूळच होते घरात, रेशनचे उरलेले, ते पाच ओंजळी तिच्या पदरात घातले. रीत अशी की लेकीनं त्यातले चार दाणे माघारी द्यायचे, माहेर भरलेलं राहावं म्हणून. कवितानं पदरात हात घातला आणि एक मूठ काढून माझ्या सुपात टाकली, मग दुसरी, मग तिसरी, शेवटी पदर सुपावर धरून झटकला, तिच्याकडं चार दाणे राहिले असतील आणि बाकी सगळं माझ्या सुपात. विहीणबाईंनी तोंड फिरवलं. रागानं केलं का मायेनं केलं, मला आजवर कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. त्या तांदळाचा त्या दिवशी आम्हा तिघांपुरता भात केला. राणी जेवली नाही.

बाळानं तिकडं बाळसं धरलं. फोटो यायचे मोबाइलवर, गालात डोळे बुडतील एवढं गुटगुटीत. मी शेजारच्या सगळ्यांना दाखवायचे, तुलाही दाखवला होता.

आता बरं आहे आमचं. तुझे भावजी एका सोसायटीत वॉचमन आहेत, मी दोन घरी पोळ्या लाटते, डबे भरलेले असतात. कविता येते राखी पौर्णिमेला, भाऊ नाही तर राणीलाच बांधते, सकाळी येते आणि संध्याकाळच्या गाडीनं जाते, राहत नाही. मी राहा म्हणते. ती म्हणते, तुझी कंबर दुखेल.

आता तिला पुन्हा दिवस गेलेत. परवा मी फोन केला, म्हटलं, कविता, या वेळी इकडंच ये, बाजरी भरून ठेवलीय, तूप कढवलंय, मी सुट्टी घेते कामाची, सवा महिना नाही तर तीन महिने ठेवते तुला. मागं विहीणबाईंचा आवाज येत होता, कविता, शिरा गार व्हतोय, आधी खाऊन घे. मग ती म्हणाली, नको आई, हितंच बरं, मला हितं मागून खाता येतं. रागानं नाही म्हणाली ताई, साधंच म्हणाली, पाऊस आहे का तिकडं असं विचारावं तसं. मी म्हटलं, बरं बाई, जा, गार होईल तुझं.

मी नावं कुणाला ठेवू? आईच्या घरी लेकीनं लाजून खावं आणि सासूच्या घरी मागून खावं, असं कुणाच्या वाट्याला येऊ नये, एवढंच म्हणते मी. त्या विहीणबाईचं भलं होवो, तिच्या म्हशीला दूध येवो. आणि माझी पोर खाऊ दे, सुखानं बाळंत होऊ दे, जवळ मी नसले तरी होऊ दे.