लहान पेल्यांची मंडळी

नाही नाही, हातोडा नको हो कुलूपवाले दादा! हातोड्याचा आवाज थेट उपासनेत जातो—मगाशी तुम्ही एकच ठोका घातलात आणि तिकडे प्रार्थना करणाऱ्यानं दचकून मधेच ‘आमेन’ म्हणून टाकलं, ऐकलं मी इथून. पाळकसाहेब गेले का तिथून? दोघंही? बरं झालं. एक आमचे, एक त्यांचे, दोघं मिळून दाराबाहेरून ‘मावशी घाबरू नका, मावशी घाबरू नका’—मी कशाला घाबरतेय? चाळीस वर्षं ह्या खोलीत येते मी. वेस्ट्री म्हणतात हिला. पाळकांचे झगे, गीतांची पुस्तकं आणि मोडक्या खुर्च्या, सगळं इथंच. तुम्ही आमच्यातले नाही ना? नाही, आवाजावरून नाही, तुम्ही दाराशी बूट काढलेत ते ऐकलं म्हणून—आमच्याकडे बूट चालतात. घाला परत, फरशी गार आहे. तर तुम्ही सावकाश करा. मला काही घाई नाही. आत हवा आहे, बसायला खुर्ची आहे. किल्ली ना? किल्ली पडली कुठंतरी. म्हातारपण, दुसरं काय. दार लागलं, किल्ली पडली, झालं.

घाई त्यांना आहे. ऐकताय ना, किती वेळ गातायत? हे सहावं गीत. सहा गीतं आम्ही नाताळलासुद्धा गात नाही एका दमात. वेळ काढतायत बिचारे, कारण मी आत आणि माझ्याबरोबर पेले आत. काचेचे हो, एवढे एवढे, अंगठ्याएवढे—दोनशे दहा आहेत, पुसून, तबकांत मांडून. प्रभुभोजनाचे. द्राक्षरस त्यातूनच घ्यायचा, प्रत्येकाला आपला आपला. ते बाहेर गेल्याशिवाय पुढं काही होत नाही. आणि आज साधासुधा रविवार नाही बरं का. आज ते आलेत. ते म्हणजे मोठ्या प्याल्याची मंडळी. तुम्हाला हसू येईल, येऊ द्या—हसा. एकेचाळीस वर्षांपूर्वी ह्या चर्चचे दोन तुकडे झाले, आणि कशावरून? प्रभुभोजनाला सगळ्यांनी एका मोठ्या प्याल्याला ओठ लावायचे, की ज्याचा त्याचा लहान पेला. एवढ्यावरून! घरं फुटली, सोयरिकी मोडल्या, एकाच फळीवरच्या दोन सुतारांनी दोन दुकानं मांडली. त्यांनी पलीकडच्या रस्त्यावर शाळेचा हॉल घेतला आणि मोठा प्याला घेऊन गेले, आम्ही इथं राहिलो आणि लहान पेले आणले. आज पहिल्यांदा सगळे एका छताखाली. फोटोवाला आलाय, वर्तमानपत्रातला एक आलाय, नव्वदीतले दोन म्हातारे खुर्चीसकट उचलून आणलेत. आणि मी इथं. नशीब बघा.

ते टक्‌कन काय झालं? काही मोडलं का? तार? बरं बरं, तुमच्याकडे दुसरी असेल. नाही, पाहिलं ना मी, सगळं पाहिलं. इथं वर झरोका आहे, हॉलच्या बाजूला, खुर्चीवर उभं राहिलं की अख्खी मंडळी दिसते. सदुसष्टाव्या वर्षी मी खुर्चीवर चढले, सुनेला सांगू नका म्हणा. ते आले ना, रांगेनं आले, दोघं-दोघं, आणि आमचे सगळे उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं उभं राहायला. मग गीत सुरू झालं आणि पहिलीच ओळ अशी फसली म्हणता! शब्द तेच, चाल तीच, पण ते लोक ओळीच्या शेवटी लांबवतात आणि आम्ही तोडतो. एकेचाळीस वर्षं त्यांनी लांबवलं, आम्ही तोडलं. आम्ही दुसऱ्या ओळीवर पोहोचलो तर ते पहिलीवरच, पेटी वाजवणारी गोंधळून बोटं वर धरून बसली. मला हसू आलं, खरंच आलं. मग दुसऱ्या कडव्याला आमच्यातले काही थांबायला लागले त्यांच्यासाठी आणि त्यांच्यातले काही भरभर यायला लागले आमच्यासाठी, म्हणजे पुन्हा उलटाच घोळ! आणि तिसऱ्याला—तिसऱ्याला जमलं हो. पोरंटोरं धरून अडीचशे माणसं एका श्वासात. मी पण गायले इथून, खुर्चीवरून, एकटीच. एकत्र गाणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला कसं सांगू? एकटी देवासमोर बसले की मला माझंच ऐकू येतं, माझी धुसफूस, माझी रडगाणी. सगळ्यांत उभी राहिले की माझा आवाज मला ऐकूच येत नाही, आणि तेवढा वेळ बरं वाटतं. तेवढाच वेळ.

आणि सगळ्यांत पुढं ताई होती. मोठी बहीण माझी, सख्खी. प्याला तिच्या हातात. तो वडिलांच्या वेळेपासून आमच्या घराकडेच असायचा, घासायला-पुसायला. ती त्या बाजूला गेली तेव्हा प्यालाही गेला. केवढी वाळलीय हो! पदर खांद्यावर ठरत नव्हता. दोन्ही हातांत प्याला धरलाय, आणि शेजारची धरायला गेली तर कोपरानं ढकलते. अजून तसलीच आहे.

आता आजची पद्धत कशी ठरली ते ऐका. ह्या दोन पाळकांनी—पोरं आहेत दोघं, चाळिशीसुद्धा नाही—एक दिवस चहा पिता पिता ठरवलं, की रस मोठ्या प्याल्यात घ्यायचा, त्याच्यावर प्रार्थना करायची, आणि मग त्यातून लहान पेल्यांत ओतायचा. झालं! भांडण संपलं! एका चहाच्या कपात संपलं. मी ऐकलं तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं मला. एकेचाळीस वर्षांत एकाही शहाण्याला हे सुचू नये? तर ओतणार ताई, आणि तबक धरणार मी. दोघी बहिणी म्हणून मुद्दाम. आणि ओतायच्या आधी—आमच्यात एक वाक्य आहे. प्रभुभोजनाआधी शेजारच्याचा हात हातात घेऊन म्हणायचं, ‘मी तुझ्यापासून काही लपवून ठेवलेलं नाही.’ दोन्हीकडे ही चाल टिकलीय. दर महिन्याला म्हणते मी, कधी शिंपीणबाईला, कधी टपालवाल्याच्या बायकोला, आणि खरंच त्यांच्यापासून काय लपवणार मी? पण आज ताईला म्हणायचं. वेदीसमोर, माईकवर, फोटोवाल्यापुढं.

काय म्हणालात? भोकात पलीकडून काही आहे? बॅटरीनं बघताय होय... किल्ली आहे. हो. आतल्या बाजूनं किल्ली आहे. मीच लावलीय. अहो मग मघाशी काय सांगायचं होतं? दोन पाळक, कारभारी, माझी सून, सगळे दाराशी उभे, त्यांच्यादेखत सांगू की म्हातारीनं स्वतःला कोंडून घेतलंय? वाटलं, थोडा वेळ जाईल, ते पेल्यांशिवाय उरकून घेतील, मोठ्या प्याल्यातून पितील सगळे, मग मी निघेन. पण नाही. प्याला उचलायच्या आधी पाळक विचारतात, ‘कुणी बाहेर राहिलंय का?’ तो नुसता विचारायचा प्रश्न असतो, त्याला कधी कुणी उत्तर देत नाही. आज ताई उठली आणि म्हणाली, ‘माझी बहीण राहिलीय.’ खडखडीत आवाजात. मग कोण उचलणार प्याला? बसले सगळे माझ्यासाठी, आणि गातायत.

सांगून टाकते तुम्हाला. तुम्ही आमचे नाही, उद्या माझ्यासमोर बाकावर बसणार नाही. ती मतं झाली ना, एकेचाळीस वर्षांपूर्वी, चिठ्ठ्या टाकून—लहान पेल्याला अठ्ठावन्न पडली, मोठ्या प्याल्याला सत्तावन्न. एका मतानं! आणि म्हणून ते चिडून उठले, की एका मतासाठी बापजाद्यांची रीत मोडता? ताई तापानं फणफणलेली होती त्या दिवशी. आजाऱ्याची चिठ्ठी घरच्या माणसानं आणून टाकलेली चालायची. तिनं घडी घालून माझ्या हातात दिली. वाटेत मी उघडली. सहजच—नाही, सहज कसली. मला खात्री होती ती माझ्या बाजूनं असणार. आमच्या ह्यांना छातीचा आजार. मोठ्या प्याल्याची वेळ आली की ह्यांच्या पलीकडं बसणारी बाई—जाऊ दे, मेली बिचारी—ती प्याला फिरवून घ्यायची, रुमालानं काठ पुसायची, सगळ्यांदेखत. हे खाली मान घालून बसायचे. नवऱ्याला असं बसलेलं बघायचं, तेही देवाच्या घरात! म्हणून मला लहान पेले हवे होते, मग कुणाला कुणाचा काठ पुसायला नको. आणि उघडते तर ताईच्या अक्षरात, ठळक, एकच शब्द: मोठा. पायाखालची जमीन सरकली माझ्या. माझी सख्खी बहीण! मी नळाशी उभी राहिले, पर्समधला कागद फाडला, ‘लहान’ लिहिलं आणि टाकला. करा आता तुम्हीच बेरीज-वजाबाकी. सत्तावन्न त्यांची नव्हती. अठ्ठावन्न त्यांची होती.

संध्याकाळी तिनं विचारलं, ‘टाकलीस ना माझी चिठ्ठी?’ मी म्हटलं, ‘टाकली.’ एक चिठ्ठी टाकलीच होती की. आणि ती विश्वासानं पाठ टेकून झोपली. मंडळी फुटल्यावर ती म्हणाली, ‘चल आमच्याबरोबर,’ मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? तिला वाटलं मी पेल्यांसाठी बहीण सोडली. वर्षानं हे गेले. जायच्या आदल्या आठवड्यात आपणहून म्हणतात—धाप लागत होती, तरी बोलत होते—‘ताईचं मला फार वाईट वाटतं गं. ती मुद्दाम त्या बाईला उठवून माझ्या शेजारी बसायला लागली होती. माझ्यानंतर प्याला घ्यायची, न फिरवता, मी लावले तिथंच ओठ लावायची. चार महिने. म्हणायची, एकच प्याला असू दे, मग मी बघतेच कोण पुसतंय.’ आणि मी शेजारीच बसत होते हो! मला वाटायचं, हिला खिडकीपाशी बसायची हौस. माझ्या नवऱ्यासाठीच लिहिलं होतं तिनं ते ‘मोठा’. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. मातीला ताई आली, फाटकाशी उभी राहिली, आत बोलवण्याची वाट बघत. मी बोलावलं नाही. तिच्या डोळ्याला डोळा देण्याची हिंमत नव्हती, म्हणून तिला फाटकात उभं ठेवलं मी, आणि लोक म्हणाले, धाकटी फार कडक आहे.

तेव्हापासून हे पेले मी घासते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. सगळे म्हणतात, मावशीची सेवा बघा. सेवा कसली डोंबलाची! पाचव्या तबकाच्या कापडाखाली ती चिठ्ठी असते. ताईची, खरी. टाकून द्यायचं धाडस नाही झालं, दाखवायचंही नाही. हे बघा, माझ्या हातातच आहे. घडीवर पिवळी पडलीय.

गाणं थांबलं. का थांबलं? थांबा, चढते मी... बसलेत सगळे. एक पोर रडतंय. ताई पहिल्या बाकावर आहे, प्याला मांडीवर, आणि शेजारी तिनं आपली पिशवी ठेवलीय. खिडकीकडची जागा. कुणाला बसू देत नाहीये. दादा, मला नाही राहायचं आता इथं. व्हा बाजूला, मीच उघडते. सरका! ...अर्धीच फिरतेय. अर्ध्यावर येऊन अडलीय हो, ना पुढं ना मागं. तुम्ही काय घातलं होतंत आत? ती तार? तुकडा आतच राहिला? अरे देवा! नाही, तुम्हाला नाही बोलत, तुमचा काय दोष. बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत, मी काय त्या नखानं काढू? ड्रिल? दुकानात आहे? किती वेळ—अर्धा तास?

जा मग, आणा. पण जाताना एक करा. हॉलमध्ये शिरा, खुशाल शिरा, बूट घालून, आणि पहिल्या बाकावर प्यालेवाली बाई आहे तिला म्हणा, धाकटी दाराशी बोलावतेय. तिला एकटीला. पाळक नको, फोटोवाला नको. आणि दादा, तुम्ही जे ऐकलंत ते ऐकलं नाही. ते मी माझं मीच सांगेन. निघा आता, निघा.

...

ताई? तूच ना? चप्पल वाजली तुझी. प्याला खाली ठेव आधी, सांडेल. बस तिथं, स्टूल असेल बघ. ताई, आधी काही बोलू नकोस, नाहीतर माझ्यानं व्हायचं नाही. दाराखालून एक कागद सरकवतेय मी. वाकता येतंय ना तुला? मिळाला? तुझंच अक्षर आहे, ताई... ताई? चष्मा आणलायस ना?