अर्धं सोडून उठायचं

नाही हो, पळून नाही गेल्या! पळून कशाला जातील, चांगल्या लिफ्टनं गेल्या. तुमच्या आधीच्या दोघीही. म्हणजे वेगवेगळ्या दिवशी. संस्थेतल्या बाईंनी तुम्हाला काय सांगितलंय मला माहीत नाही, पण आमच्याकडे पळून जाण्यासारखं काही नाहीये, ताई, बघताय ना तुम्ही — हा आमचा दादा, खिडकीपाशी बसलाय, उशांना अभ्रे घालतोय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बसा ना. तिथे नको, त्या खुर्चीचा एक पाय — हां, इथे. चहा? नको? थोडासा? बरं, राहिला. तर मला सोमवारी नोकरीवर रुजू व्हायचंय, दुसऱ्या शहरात, ग्रंथालयात, पहिलीच नोकरी. आई दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत दादाजवळ कुणीतरी हवं, एवढंच आहे बघा काम. तुम्ही हो म्हणालात तर मी जाणार, नाहीतर — नाहीतर काय, बघू. म्हणजे म्हणाच हो. म्हणजे घाई नाही. आधी ऐकून तर घ्या.

आजाराचं नाव सांगितलंच असेल त्यांनी. स्किझोफ्रेनिया. — बघा, सरकलात ना मागे? पाठीला उशी हवी होती? मग सांगायचं ना! दादा, ताईंना एक उशी दे रे. — देईल, देईल, थांबा हं, त्याला जरा वेळ — जाऊ दे, मीच देते. घ्या. तर घाबरण्यासारखं जे काही होतं ना, ते सगळं मागेच संपलं. आवाज ऐकू यायचे ते गेले, समोरच्या इमारतीतून कुणीतरी बघतंय ते गेलं, गोळ्या लागू पडल्या. तरी लोक मला अजून दबक्या आवाजात विचारतात, अंगावर-बिंगावर येतो का गं? अंगावर! ताई, या माणसाला स्वतःच्या अंगावरचं पांघरूण बाजूला करायला दुपार होते, तो दुसऱ्याच्या अंगावर काय जाणार? डॉक्टरीणबाईंनी मला फार छान समजावलं. म्हणाल्या, काही लक्षणं अधिकची असतात, नसलेलं ऐकू येणं, नसलेलं खरं वाटणं. आणि काही उण्याची. माणसापाशी आधी जे होतं त्यातलंच वजा होत जातं. उठावंसं वाटणं वजा, बोलावंसं वाटणं वजा, कुणाला भेटावंसं वाटणं वजा, चेहऱ्यावरचं सगळं वजा. गोळी अधिकच्यांना हुसकावून लावते, उण्यांपुढे मात्र तिचं फारसं चालत नाही. आणि आमची आत्या आली की म्हणते, कसला आजार, आळस आहे नुसता, दोन दिवस जेवण बंद करा, बघा कसा उठतो ते! मी म्हटलं, आत्या, तू आळशी माणूस बघितलायस का कधी? आळशी माणूस लोळताना खूश असतो! — आई गं! काय वाजलं? — लिफ्ट. लिफ्टचं दार आहे ते. मला रोज वाटतं काहीतरी कोसळलं. दादा बघा, मान तरी वळवली का त्यानं? त्याच्या वाट्याचं दचकणंसुद्धा मलाच उरकावं लागतं.

तर काम काय. काम सोपं आहे, फक्त उलटं आहे. तुम्हाला सगळं अर्धं करायचंय. — नाही, चेष्टा नाही, खरंच अर्धं. झालं काय, मी एकदा मटार सोलत होते, मध्येच कुकरची शिट्टी झाली, मी जी दचकून उठले ती स्वयंपाकघरात गेले आणि तिकडेच रमले. परत येऊन बघते तर मटार सोललेले! सगळे! टरफलं वेगळी, दाणे वेगळे, आणि दादा शेजारी बसलेला, जसा काही त्यानं काही केलंच नाही. आदल्या आठवड्यात मी याच माणसाला म्हणत होते, दादा, मटार सोल ना, दादा, जरा हात चालव ना, दादा, मला बरं वाटावं म्हणून तरी! भिंतीला सांगावं तसं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की याचं घोडं सुरुवातीला अडतं हो. करायला अडत नाही. गाडी ढकलून दिली की चालते, पण ढकलतोय असं दाखवायचं नाही. तेव्हापासून मी सगळं अर्ध्यात सोडून उठते. घड्या अर्ध्या घालायच्या आणि फोन आल्यासारखं करून जायचं. ब्रशवर पेस्ट लावून ठेवायची, गरम पाणी काढून ठेवायचं, सदरा खुर्चीवर नाही, त्याच्या हातात द्यायचा आणि एक बटण आपण उघडून द्यायचा. हे अभ्रेसुद्धा, पहिले दोन मी घातले. कुणी अवचित घरात आलं ना, तर त्याला वाटेल भूकंप झाला आणि सगळे हातातलं टाकून पळाले. आत्या तर म्हणतेच, ही एवढी शिकलेली पोर, एक काम धड पुरं करत नाही.

हां, त्या दोघींचं. पहिल्या बाई आल्या त्या इतक्या टापटिपीच्या, इतक्या टापटिपीच्या, की मी अर्धं सोडलेलं सगळं त्यांनी पुरं करून टाकलं! मी मागे मागे फिरतेय, अहो राहू द्या, अहो ते मुद्दाम, आणि त्या म्हणतायत, छे छे, असू दे, बसल्या बसल्या काय करू? संध्याकाळी घर आरशासारखं आणि दादा सकाळी बसवला होता तिथे तसाच. त्याला दिवसभरात काही उरलंच नाही ना. दुसऱ्या होत्या त्या हौशी. हसा की! हसा की जरा दादासाहेब! टाळ्या वाजवायच्या, गालाला हात लावायच्या. दादा आपणहून उठला आणि आतल्या खोलीत गेला. आपणहून उठला म्हणून मी इतकी खूश झाले, म्हटलं वा, बाईंच्या हाताला गुण आहे! मग कळलं, आतून कडी लावली होती.

तेवढं एक सांगून ठेवते, चेहऱ्यावर जाऊ नका. हा आत्ता आहे ना चेहरा, हाच आनंदाचा, हाच दुःखाचा, हाच डोकं दुखल्याचा. मागे आई बाथरूममध्ये घसरली. मी काय केलं? मी किंचाळले, आणखी काय करणार! फोन शोधत घरभर धावत सुटले, फोन माझ्याच हातात. तोवर हा उठला, आईला उचलून पलंगावर ठेवलं, बर्फाची पिशवी आणली आणि तिच्या घोट्यावर धरून बसला. चेहरा हाच. शेजारच्या काकू नंतर म्हणाल्या, काही म्हणजे काही वाटलेलं दिसलं नाही हो त्याला. आणि दिवेलागणीला आईला जाग आली तर हा अजून धरूनच बसलेला, बर्फाचं केव्हाच पाणी झालेलं, बोटं पांढरीफटक. थांब म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं ना त्याला. — नाही, रडत नाहीये, सकाळपासून डोळ्याला काहीतरी होतंय. त्या काकूंना मी ते सांगितलंच नाही. कुणाकुणाला सांगत बसू?

रुजू व्हायचं पत्र? ते आलं होतं खरं तर मागच्याच महिन्यात. मग तारीख पुढे गेली. म्हणजे त्यांनी ढकलली. म्हणजे मी विनंती केली, त्यांनी ढकलली. आता पुन्हा नाही ढकलणार म्हणाले, साहजिक आहे, त्यांच्याकडे पुस्तकं पडून आहेत ढीगभर. तेव्हाच तर त्या दुसऱ्या बाई होत्या, त्या तयार होत्या हो राहायला, कडीचं म्हणाल्या, होतं असं, होईल सवय. मीच नको म्हटलं. पहिल्यांनाही — समजावलं असतं तर त्यांनाही अर्धं सोडायला जमलं असतं, नाही असं नाही. पण मी फोन करून सांगून टाकलं की दादाला पसंत नाहीत. त्याला विचारलं नव्हतं. विचारून काय, तो बोलतो कुठे? त्याच्या वतीनं मीच बोलते सगळीकडे, दवाखान्यात, बँकेत, फोनवर. डॉक्टरीणबाईसुद्धा विचारतात त्याला आणि उत्तर देते मी, झोप बरी आहे, भूक बरी आहे, मन लागतं थोडं थोडं. त्या एकदा म्हणाल्या, त्याला जरा वेळ देऊन बघ. मी देते वेळ! पण ती शांतता असते ना, ताई, मधली, ती मला सहनच होत नाही. वाटतं आता काहीतरी होणार. म्हणून मी बोलून टाकते. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी मुळात बोलकी नाहीये. खरंच! या घरात बोलायचा तो. शेजारपाजारच्या सगळ्यांच्या नकला करायचा, आत्याची तर अशी करायचा की आई जेवता जेवता ठसका लागून उठायची. मी आपली कोपऱ्यात पुस्तक घेऊन. मग तो गप्प झाला आणि घर एवढं — कुणीतरी बोलायला नको?

काय? त्याला विचारायचं? काय विचारायचं, तुम्ही आलेलं चालेल का? चालेल हो त्याला, त्याला सगळं चालतं, तो कशाला नाही म्हणतोय. म्हणजे काय आहे, त्याचं म्हणणं असं असतं की — तुम्ही विचारणार? विचारा की. दादा, या ताई काय म्हणतायत बघ, सोमवारपासून त्या — हो हो. तुम्हीच विचारा.

छान विचारलंत. आता कसं आहे, तो लगेच असं काही — म्हणजे मान हलवली नाही याचा अर्थ नाही असा नसतो, उलट — गप्प? मी गप्प बसू? बरं. बसले.

असं साधारण किती वेळ बसायचं असतं? नाही, बसते, बसते. मी आपलं सहज — त्यानं अभ्रा खाली ठेवला बघा — आई गं! लिफ्ट. लिफ्टच आहे. चुकलं. तोंडावर हात ठेवते, मग तर झालं?

काय म्हणालास?

नाही, ऐकलं मी. चांगलं ऐकलं. “या बोलत नाहीत. चालतील.” ऐकलंत ना ताई, सबंध वाक्य बोलला, एक सोडून दोन, परक्या माणसासमोर — आणि काय रे दादा, या बोलत नाहीत म्हणजे? मी त्यांना बोलू कधी दिलं? आणि मग माझं काय, मी इतके दिवस कुणासाठी घसा फोडून — हसताय काय हो तुम्ही? हसा, हसा, मलाही येतंय. म्हणजे तुला माझं — अरे, मग एकदा तरी सांगायचंस ना मला, की गं बाई, जरा —

बघतोय माझ्याकडे. किती वेळ झाला, बघतोच आहे.

सोमवारी या ताई. आई दार उघडेल.