बांधावरची पाळी

नातीचं, मेघनाचं, बारसं झालं त्या वर्षीच्या भाद्रपदात मी दिलसुखनगरच्या थांब्यावर बसची वाट पाहत होतो. शेजारी दत्तोबा आणि त्यांचे मेहुणे मधुकर बोलत होते.

"दाजी, जमीन विकून जमाना झाला. गावचा तलाव बुजवला तर आता तुमचं काय जातं?"

"मातीच्या लॉऱ्या अडवायला गावकरी पाळीपाळीनं बांधावर बसतात. आज माणसं कमी आहेत म्हणून निरोप आला."

"तुम्हाला पाहून लॉरी थांबणार?"

"म्हाताऱ्याच्या अंगावर कोण घालतो? काल परत गेल्या."

"पाणी वाचवायला निघाले, आणि घरी रात्रभर नळ बारीक सोडून झोपता म्हणे. सूनबाई परेशान आहे."

"तलाव भरला की जादा पाणी अलुगूवरून सांडायचं. घरात ऐकू यायचं. त्या आवाजावर झोपायची सवय आहे रे. कुकटपल्लीत डोळाच लागत नाही."

"आणि अलुगू आता कधी वाहिलाच नाही तर?"

"तलाव राहिला तर वाहील."

बस आली.

"चला, मीही येतो. पण खिडकी माझी."

पौषात त्याच थांब्यावर मधुकर एकटेच भेटले. बांधावर निघाले होते.

दत्तोबा कार्तिकी पौर्णिमेला वारले होते.