जुनी गोळी

— आणि तू कोण रं न्हाय म्हणणारा? अकरा वर्षं तुमच्याच दुकानातनं ही गोळी नेते मी. तुझे आप्पा बसायचे तवा एका शब्दानं अडवलं न्हाय कधी, आणि तू चार बुकं शिकून आलास तर कमलाआक्कालाच शिकवाया लागलास व्हय रं, अभिनंदना? मला वाचता येतंय. शाळेची पायरी न्हाय चढले, पण निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या पोत्यांवरची अक्षरं बघून मराठी शिकले, कानडी शिकले, आणि आमच्या म्हाताऱ्याच्या गोळ्यांवरनं इंग्रजीसुद्धा! जुनीचं नाव येगळं, नवीचं येगळं. मग? — दोन्ही रक्त पातळच करत्यात? करू देत की. पाट तुंबला तर दोन खोरी लावली म्हणून काय बिघडतंय?

— व्हय, बेळगावचा डॉक्टर म्हणाला, नवी सुरू, जुनी बंद. ऐकलं मी, भैरी न्हाय. पण त्येनं बघितलंय काय — मागं चार दिवस हीच गोळी चुकली, आणि भर बाजारात माझा माणूस तोंड वाकडं होऊन पडला? मी बघितलंय. कशी बंद करू, सांग? आम्ही जैन, दिवस मावळल्यावर आमच्यात तोंडात पाणीबी न्हाय, म्हणून पाचच्या ठोक्याला देते, दोन्ही एकदम. महिना झाला.

— रक्त? कुठलं रक्त! हिरड्यातनं जरासं... उन्हाळा हाय, उष्णता ती. परवा न्हाणीत त्येंचा तोल गेला, मी दंडाला धरून उठवलं, तर माझी पाची बोटं काळीनिळी उमटली रं त्येंच्या अंगावर. सून म्हणती, "आत्याबाई, मारलासा काय?" मी? पन्नास वर्षांच्या संसारात मी मारीन व्हय त्येस्नी? — आज? आज सकाळी... परसाकडला काळं झालं. डांबरागत. उठवना झालंय. म्हणून तर पळत आले की! जुनी काल संपली, त्यामुळंच हे व्हाया लागलंय, दे लवकर —

— काळं म्हंजे आत पोटात रक्त वाहतंय? दोन्ही गोळ्या एकदम दिल्यामुळं?  

...संपली म्हणून न्हाय, व्हय?

महिनाभर, माझ्या ह्या हातानं —

ठेव ती गोळी आत. गाडी बोलव आधी, आणि त्या डॉक्टरला फोन लावून हिकडं माझ्या हातात दे — दोन्ही मी दिल्या, ते मीच सांगणार.