तूच मला मेलास

नाही, मला एक सांगा, इतके सरळ रस्ते बांधायची काही गरज होती का? एखादं वळण, एखादा खड्डा, कुठं तरी चाक अडकेल, घोडा अडखळेल... छे! त्या टोकाच्या ब्रिटानियापासून इथं आपल्या थ्रेसपर्यंत चार महिने चाललोय मंडळी, दोन जोडे झिजवलेत, पण खरं तेच सांगतो, रस्त्याला नाव ठेवायला जागा नाही!

आणि ठेवणार कसं? त्यातला चाळीस मैल मीच बांधलाय! पंचवीस वर्षं फौजेत काढली. लढाई किती केली विचाराल तर तीन दिवस, बाकी दगड फोडले. आपल्या आजोबांना रोमनं झोडपलं, मग नातवांना पगार देऊन ब्रिटानियातल्यांना झोडपायला पाठवलं, आता तिथली पोरं वाळवंटाकडं धाडलीत म्हणे, तिथल्यांना झोडपायला. असं पसरलंय हे राज्य! जो तो दुसऱ्याच्या गावात पहारा देतोय आणि स्वतःच्या घराची काळजी करतोय.

तर मूळ मुद्दा पत्राचा. हा आमचा दादा, डिझास. तुमच्याच गल्लीतला, द्राक्षमळेवाला, आईबापामागं त्यानंच मला वाढवलं. फौजेत गेल्यापासून मी त्याला पत्रं लिहीत होतो. आता आपल्यासारख्याचं पत्र जातं कसं? त्या बाजूला निघालेल्या कुणाच्या तरी हातापाया पडायचं, ‘बाबा रे, एवढं पोचव.’ तो हो हो म्हणतो आणि पुढच्या खाणावळीत विसरतो. पंचवीस वर्षांत उत्तर म्हणून काही नाही! म्हटलं, दादा विसरला. पाठचा भाऊ जिवंत आहे की गेला, विचारावंसंसुद्धा वाटलं नाही! शेवटी निवृत्तीच्या दाखल्याचा पितळी पत्रा हातात पडला, सगळे घरी निघाले, आणि माझं डोकं फिरलं. बसलो आणि लिहिलं, ‘दादा, मी सुटलो, पण येणार नाही. तूच मला मेलास.’

बरं, लिहिलं ते लिहिलं, नेहमीसारखं कुणा कांदेवाल्याकडं द्यावं की नाही? नाही! आमची अक्कल! सरकारी डाकेचा स्वार होता, सिलो नावाचा. खाजगी पत्र न्यायची त्याला सक्त मनाई. त्याला बिअर पाजली, पाया पडलो, म्हटलं, ‘एवढं एक सरकारी थैलीत घाल.’ तो म्हणाला, ‘काका, तातडीचं आहे का?’ मी म्हटलं, ‘एकदम तातडीचं!’ अहो, जीभ झडली नाही माझी तेव्हा!

सातव्या दिवशी चौकीवर एक मिठाचा व्यापारी आला. माझं नाव घेऊन म्हणाला, ‘मुकापोर कोण? हे गाठोडं दोन वर्षं हिंडतंय.’ उघडतो तर काय, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, कसर लागलेली... आपले अक्रोड... आणि दादाचं पत्र. ‘बाळ्या, हे माझं अकरावं पत्र. तू एकाचंही उत्तर देत नाहीस. रागावलायस का? तुझ्या खोलीची कौलं नवीन घातली आहेत. ये.’

मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला हो. अकरावं!

निघालो तसाच, पत्राच्या मागं! पहिल्या चौकीवर विचारलं, ‘सिलो गेला का?’ चौकीवाला म्हणतो, ‘सिलो? तो आठ दिवसांपूर्वीच थैली देऊन मागं फिरला, थैली पुढच्या स्वारानं नेली.’ समुद्र ओलांडला, गॉलमध्ये विचारलं, तिथली जाडी खाणावळवाली म्हणते, ‘तुझी थैली होय? पंधरा दिवस झाले की! आता घोडे काय मस्त मिळतात, आणि रस्ता कसला, लोण्यासारखा!’ मी म्हटलं, बाई, ठाऊक आहे, रस्त्याला नाव ठेवायला जागा नाही! डोंगर उतरलो, तिथला हवालदार बोटं मोजून म्हणाला, ‘महिना झाला. अहो, आत्तापर्यंत वाचूनसुद्धा झालं असेल.’ पायी माणूस आणि दर दहा मैलांवर ताजा घोडा, कसं गाठणार? आधीची माझी बावीस पत्रं चोरीला गेली, बुडाली, चुलीत गेली, आणि हे एकच, नको होतं तेच, बिनचूक पोचलं!

पोचलो परवा. वहिनी दारात. म्हणाली, ‘आलात? वा! ते तुम्हाला आणायला गेले.’

‘कुठं?’

‘ब्रिटानियात. दुसरीकडं कुठं? तुमचं पत्र न्हाव्यानं चौकात मोठ्यांदा वाचलं, साऱ्या गावानं ऐकलं. हे रात्रभर रडले, आणि सकाळी म्हणाले, मी त्याला मेलो असेन, तो मला मेलेला नाही. गाढव काढलं पांढरं, स्वतःचा एक गुडघा धड नाही, आणि निघाले. मी म्हटलं, अहो, वय काय तुमचं! तर म्हणतात, रस्ता चांगला आहे!’

पांढरं गाढव... मंडळी, ते गाढव मी पाहिलं होतं! डॅन्यूबच्या काठाला, रस्ता असा दोरीसारखा सरळ, समोरून एक म्हातारा आला होता पांढऱ्या गाढवावर. आपल्याच बोलीत म्हणाला, ‘पाव्हणं, समुद्राकडं हाच रस्ता ना?’ मी घाईत, मान खाली, मैलांचे दगड मोजतोय. आपल्याकडचाच कुणी दिसतो, एवढं मनात आलं, पण थांबायला वेळ कुठला, मला दादाला गाठायचं होतं ना! मी म्हटलं, ‘सरळ जा आजोबा, डोळे मिटून जा, रस्त्याला नाव ठेवायला जागा नाही!’

आजोबा म्हटलं हो मी त्याला!

आता वहिनी म्हणते, ‘इथून हललात तर तंगडं मोडीन, नाही तर जन्मभर उलटसुलट फिराल दोघं.’ म्हणून बसलोय इथं, नव्या कौलांखाली. तिथं माझे सोबती सांगतील त्याला की मी इकडं आलोय, पण परत चार महिने, आणि तो गुडघा...

खरं सांगू? पंचवीस वर्षं त्या गार वाऱ्यात पहाऱ्यावर उभा राहून मी एकच मागत होतो, की एकदा, फक्त एकदा, दादानं माझ्या दाराची कडी वाजवावी. या आठवड्यात तिथं पोचेल तो.

वाजवत असेल... आणि मी घरी नाही.