आक्कांनी घराचा विमा सोडला तेव्हा

मायबहिणींनो आणि मंडळी,

एवढी माणसं या अंगणात मावतील असं मला वाटलं नव्हतं. जोत्यावर बसलात, विहिरीच्या कठड्याला टेकून उभे आहात, रस्त्यावर गाड्या सोडून आलात. आटपाडीकडची मंडळी दिसतात. मिरजेच्या दवाखान्यातल्या बाया दिसतात. मला भाषणाची सवय नाही. माझं बोलणं म्हणजे लोकांच्या दारात उभं राहून विम्याचं बोलणं. मधेच थांबलो, तर सांभाळून घ्या.

भागूआक्का गेल्या त्याला आज तेरा दिवस झाले. त्या काय होत्या हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी सांगायला नको. तुमच्यातल्या निम्म्यांना त्यांनीच पहिल्यांदा हातात घेतलंय. पण जे बाहेरगावचे आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. आक्का आटपाडीकडच्या शेतकऱ्याची लेक. नवरा पलटणीत होता, तो पहिल्या मोठ्या लढाईत परमुलखातच गेला. आक्का तेव्हा विशीतल्या. माहेरी बसून राहिल्या नाहीत. मिरजेला गेल्या, दवाखान्यात सुईणपण शिकल्या, वीस वर्षं तिथं राबल्या. मग सांगलीत येऊन माधवनगरच्या रस्त्याला हे घर बांधलं. चार खोल्या. दोन स्वतःला आणि दोन खेड्यांतनं बाळंतपणाला येणाऱ्या बायांना. ज्या बाईला शहरात कुणी नाही, तिनं यावं, राहावं, बाळ घेऊन घरी जावं.

या घराचा आगीचा विमा मी उतरवला होता. माझं नाव सदाशिव. आक्का मला सदुभाऊ म्हणायच्या. आणि आज मी तुम्हाला आक्कांचे सगळे गुण सांगणार नाही. एकच गोष्ट सांगणार आहे. त्यांनी हा विमा सोडला, त्याची. कारण त्या वेळी मी त्यांच्या विरुद्ध होतो. विरुद्ध असलेल्या माणसानं सांगितलेलं जास्त खरं असतं, नाही का?

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. लोखंड मिळेना, सागवान मिळेना, सिमेंट तर औषधालासुद्धा मिळेना. घर बांधायचा खर्च वाढला, म्हणून कंपनीनं कळवलं की घराची किंमत वाढवून लिहा. त्यातच आक्कांच्या घरामागं, कुंपणाला लागून, कापसाची वखार झाली. कापूस शेजारी आला की विम्याचा दर चढतो. दोन्ही मिळून हप्ता जवळजवळ तिप्पट झाला. ते पत्र घेऊन मी या ओट्यावर येऊन बसलो. आक्कांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

मी म्हटलं, "आक्का, जड वाटत असेल तर निम्म्या किमतीचा उतरवू."

"म्हंजे?"

"म्हणजे घर जळलं तर निम्मे पैसे मिळतील."

"आन निम्मंच घर जळलं तर?"

"तर त्या नुकसानीच्याही निम्मेच."

आक्का हसल्या. म्हणाल्या, "आवं सदुभाऊ, मग मी इस्तवाला काय सांगू? बाबा, माझा कागद निम्माच हाय, तू बी जरा बेतानं जळ?"

मी पण हसलो. पण त्या लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मला एक सांगा. घर जळलं तर तुमची कंपनी पैसं कवा देती?"

मी खरं सांगितलं. माणूस येणार, बघणार, लिहिणार, मुंबईला कागद जाणार. सहा महिने, आठ महिने, कधी जास्त.

"आन त्या दिशी माझ्या खोलीत चार दिसांची बाळंतीण आसंल, तिला कुठं झोपवू?"

मंडळी, मी बारा वर्षं हा धंदा करत होतो. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

त्यांनी चार दिवस मागितले. पाचव्या दिवशी बोलावणं आलं. मला वाटलं, हप्ता भरणार. आक्का म्हणाल्या, "तुमी लोक इमा उतरवायच्या आदी घर बघता. काय पेटंल, कुठनं पेटंल, सगळं बघता. मला बी दावा."

मी घराभोवती फिरलो आणि दाखवलं. मागच्या पडवीवर उसाच्या पाचटाचं छप्पर, ते आधी धरेल. मागच्या भिंतीला सरपण आणि गोवऱ्यांची रास, ती नंतर. वखारीकडं उघडणारी लाकडी खिडकी, तिच्यातून आग घरात येईल. रॉकेलचा डबा माजघराच्या दाराशी. विहीर आहे, पण एका पोहऱ्यानं आग विझत नाही. मी एकेक दाखवत होतो आणि त्या एकेक बोट मिटत होत्या. मी स्वतःच्या तोंडानं माझंच गिऱ्हाईक घालवत होतो, हे मला शेवटच्या बोटाला कळलं.

"झालं?" आक्का म्हणाल्या. "मग यंदा इमा न्हाई. ह्यो पैका मी हितं घालती."

मी चिडलो. खरंच चिडलो. म्हटलं, "आक्का, हा वेडेपणा आहे. तुमची सगळी जन्माची कमाई या चार भिंतींत आहे. उद्या काही झालं तर तुम्ही रस्त्यावर याल."

"व्हय, यीन," त्या म्हणाल्या. "पर दोन्ही जमत न्हाई सदुभाऊ. एकच जमतंय. मग ज्येचा त्या दिशी उपेग हुईल, ते करती."

मी तडक उठून गेलो. चहासुद्धा घेतला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या दोन महिन्यांत पाचटाचं छप्पर गेलं, कौलं आली. वखारीकडची खिडकी बुजवली. सरपण पुढच्या अंगणात आलं. विहिरीजवळ दगडचुन्यात हौद बांधला, कारण सिमेंट मिळत नव्हतं. शिडी आली, बादल्या आल्या, जुनी गोणपाटं आली. आणि मग आक्कांनी गल्लीला कामाला लावलं. दर रविवारी सकाळी हौदापासून कौलापर्यंत माणसांची रांग. बादली या हातातनं त्या हातात. कुणी कुठं उभं राहायचं हे ठरलेलं. लोक हसायचे, आक्काची पलटण म्हणायचे. शेजारचे मल्लाप्पा सगळ्यात जास्त हसायचे. ते इथंच बसलेत, त्यांना विचारा. पण रविवारी शिडीवर सगळ्यात आधी तेच चढायचे.

तुम्हाला वाटेल, आक्का निर्धास्त होत्या. नव्हत्या. पुढं एकदा मला म्हणाल्या, "वारा सुटला की माझ्या घशाखाली घास उतरत न्हवता. वाटायचं, सदुभाऊचं ऐकाया पायजे हुतं." ही बाई घाबरत होती, आणि घाबरत घाबरत हौद भरत होती. मला त्यांचं मोठेपण त्यात दिसतं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपार. मी मल्लाप्पांकडं त्यांच्या विम्याचं नूतनीकरण करायला आलो होतो. त्यांनी विमा सोडला नव्हता. आम्ही कागदावर सही करतोय, तोच मागं आरडाओरडा झाला. वखार पेटली. कशी पेटली ते आजवर कुणाला नक्की कळलेलं नाही. कापूस जळताना तुम्ही पाहिलाय? तो जागेवर जळत नाही. उडतो. पेटलेले पुंजके वाऱ्यावर पाखरांसारखे येत होते.

मी धावत इथं आलो. रांग लागली होती! कुणी हाक मारली नव्हती, कुणी हुकूम दिला नव्हता. ज्याची जी जागा, तो तिथं उभा. मी आक्कांना शोधत होतो. एवढ्यात ही सुशीला दारात आली. ही आक्कांच्या हाताखाली शिकलेली पोर, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. ती ओरडून म्हणाली, "आत बाई अडलीय. मूल पायाळू आहे. तिला हलवता येत नाही. बाकीच्या दोघींना समोरच्या घरात न्या. आक्का बाहेर येणार नाहीत. त्या म्हणाल्या, तुमचं काम तुम्ही करा, माझं मी करते."

मंडळी, त्या दिवशी आक्कांनी एका बादलीला हात लावला नाही. ज्या घरात त्यांचा जन्म खर्ची पडला होता त्या घराकडं त्यांनी वळून पाहिलं नाही. घर त्यांनी आपल्यावर सोपवलं होतं.

मी धोतर खोचलं आणि रांगेत घुसलो. रविवारी मी कधी आलो नव्हतो, त्यामुळं दोन बादल्या पायावर सांडल्या. शेजारचा माणूस म्हणाला, "हात ढिला सोड गड्या, बादली आपसूक जाती." खरंच जाऊ लागली. कौलांवर ओली गोणपाटं पडत होती, वाळत होती, पुन्हा भिजत होती. मागची भिंत काळी पडली. खिडकी होती त्या जागी ज्वाळा येऊन भिंत चाटत होत्या. तिथं लाकूड असतं तर? मी ते मनात आणत नव्हतो.

मल्लाप्पांच्या घराला लाकडी माडी होती. ती बघता बघता धरली. त्यांनी बायकापोरं बाहेर काढली, एक म्हैस सोडली, आणि तेवढ्यात वरची तुळई खाली आली. आता तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मल्लाप्पा मग वळले आणि आक्कांच्या शिडीवर चढले. म्हणाले, "माझं गेलं. हिचं जाऊ देत न्हाई. बादली द्या रं वर!"

मल्लाप्पा, मान खाली घालू नका. हे सांगायला मी आज उभा आहे.

दोन तास. हौदाचा तळ दिसला, तेव्हा विहिरीवर चौघं पोहरे ओढत होते. वखार खाली बसली. वारा पडला. रांग थांबली. आणि आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मंडळी, मी त्या दिवशी धाय मोकलून रडलो. मीच नाही, शिडीवरची पैलवान माणसं रडली. मग कुणीतरी आरोळी ठोकली, आणि ती आरोळी म्हणे पार स्टेशनपर्यंत ऐकू गेली.

आक्का दारात आल्या. पदराला हात पुसत होत्या. म्हणाल्या, "इझली का?"

"विझली, आक्का."

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत." मग आमच्या काळ्या तोंडांकडं बघून म्हणाल्या, "उभं काय ऱ्हायलाय? च्या टाका की कुणीतरी!"

तो चहा मी प्यालो. दोन कप प्यालो.

आता यातून कुणी असं घेऊ नका की विमा वाईट. मी माझ्या धंद्यासाठी बोलत नाही. मल्लाप्पांना त्यांच्या कागदाचे पैसे अकरा महिन्यांनी आले आणि त्यावरच त्यांचं घर पुन्हा उभं राहिलं. कागद नसता तर राहिलं नसतं. पण ते अकरा महिने मल्लाप्पा, त्यांची बायको, आई आणि तीन मुलं कुठं होती? या घरात. आक्कांनी स्वतःच्या दोन खोल्या त्यांना दिल्या आणि आपलं अंथरूण बाळंतिणींच्या खोलीत टाकलं. एकदा कुणी तरी आक्कांसमोर मल्लाप्पांना टोमणा मारला, की बघा, तुमच्या विम्यानं काय वाचलं? आक्का ताडकन म्हणाल्या, "त्येचा कागद बी खरा, माझा हौद बी खरा. ज्येला जे जमलं त्येनं ते केलं. हसायचं काय त्यात?"

लढाई संपली. वखार पुन्हा इथं झाली नाही, माधवनगरला गेली. दर उतरला. मी काही बोललो नव्हतो, तरी एक दिवस आक्कांचा निरोप आला. आलो. म्हणाल्या, "आता दोन्ही जमतंय. आणा कागद."

मी चेष्टेनं म्हटलं, "का आक्का, पलटणीवरचा विश्वास उडाला?"

"पलटण लय ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "पर मी हाय तवर मी बघंन. माझ्यामागं ह्या सुशीलेच्या डोक्याला घोर नको."

घर त्यांनी सुशीलेच्या नावावर केलं. अट एकच. खेड्यातली बाई दारात आली तर तिला परत पाठवायचं नाही.

लोक मला म्हणाले, सदुभाऊ, शोकसभा आहे, जरा दुःखाचं बोला. दुःख आहे हो. पण मी या बाईला हरताना पाहिलेलं नाही, तर हरल्यासारखं कसं बोलू? नवरा गेला, हरली नाही. लढाईनं सगळं महाग केलं, हरली नाही. आग कुंपण ओलांडून आली, तरी हरली नाही. आणि जाताना आपल्या हातातलं काम दुसऱ्या हातात देऊन गेली. याला जिंकणं म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आता आपण उभे राहू या. रीत दोन मिनिटांची आहे. पण जत तालुक्यातली एक बाई सकाळपासून आतल्या खोलीत आहे आणि तिच्या कळा वाढल्यात असं मला आत्ताच सांगितलं. तेव्हा बोलू नका, पायांचा आवाज करू नका. आक्कांना आठवा आणि नुसते उभे राहा.

सुशीले, तू थांबू नकोस. तू आत जा. आम्ही आहोत इथं उभे.