अख्खी होडी

हसिना : डिझेलचा वास असतो आपा लाँचमध्ये. तुझं डोकं धरतं.

शहनाज : माझं कधी धरलं गं डोकं? लाँचमध्ये ओकायचीस तू. सहा वर्षांची होतीस, माझ्या मांडीवर ओकलीस आणि वर मलाच म्हणालीस, आपा, तुझा वास येतो.

हसिना : झालं तुझं सुरू. अगं, मौलामामूंनी तुझ्यासाठी अख्खी होडी ठरवलीय. तुझ्या एकटीसाठी. कोण करतं एवढं?

शहनाज : तेच म्हणते मी. आजवर कुणी केलं नाही. एकटीनं काय करू अख्ख्या होडीत, आडवी पडू?

हसिना : आरामात बस. पाण्यात हात घाल, तुला आवडतं ना. लाँचमध्ये चाळीस माणसं कोंबतात. पलीकडच्या गावांची माणसं, त्यांच्या पाट्या, कोंबड्या, सगळं अंगावर.

शहनाज : मग तूच चल माझ्याबरोबर होडीत.

हसिना : मला नाही येता येणार.

शहनाज : का? वर्षातनं एकदा, बाशी ईदला, आपण सगळी मिळून घराबाहेर पडतो. कालची अख्खी ईद शिरखुर्मा ढवळण्यात गेली माझी. पौडापासून एसटीत उभी राहून आले ती काय तुझ्यापासून लांब बसायला?

हसिना : हळू बोल ना.

शहनाज : कोण ऐकतंय? हां, ती माणसं. कोण आहेत गं? अम्मा त्यांच्यापुढं डबा उघडून बसलीय. माझ्या हातच्या करंज्या वाढतेय आणि मला इकडं भिंतीआड उन्हात उभं केलंय.

हसिना : मामूंच्या ओळखीची आहेत. साताऱ्याची. सहलीला आलीत, आपल्यासारखीच.

शहनाज : साताऱ्याहून मुळशी धरणाचं पाणी बघायला? आणि तो चष्मेवाला, सारखा स्वतःच्याच चपलेकडं बघतोय तो? हसिना, इकडं बघ. तुला बघायला आलीत.

हसिना : अम्मा म्हणाली, अजून कुणाला सांगायचं नाही. घरी बोलावून बघायचा कार्यक्रम केला आणि नाही जमलं, तर पौडच्या बाजारात सगळ्यांच्या तोंडी होतं. इथं कसं, सहज भेटल्यासारखं.

शहनाज : वेडे, मग आधी सांगायचंस. म्हणून परवाच माझी मस्कतची साडी मागून ठेवलीस होय? मला वाटलं, मिरवायला. थांब, निऱ्या नीट करते. आता तर मी तुझ्याशेजारीच बसणार. तू घाबरलीस की नखं खातेस, हात कोण धरणार तुझा?

हसिना : नको आपा.

शहनाज : काय नको?

हसिना : ती विचारतील तुला. नवरा कुठं असतो, कधी येणार. चार वर्षं मस्कतहून त्याचा कागद नाही, सासरच्यांनी घरी आणून सोडलं, हे सगळं निघेल. तुलाच वाईट वाटेल.

शहनाज : मला वाईट वाटेल म्हणून.

हसिना : अम्मा म्हणते असं.

शहनाज : अम्मा काय म्हणते ते राहू दे. तू काय म्हणतेस?

हसिना : मुलगा बँकेत आहे, आपा. साताऱ्यात स्वतःचं घर आहे. मला पौडात दुकानाच्या मागच्या खोलीत नाही गं जन्म काढायचा.

शहनाज : मी काढतेय तसा.

हसिना : मी असं म्हटलं का? एका तासाचा तर प्रश्न आहे. परत आलो की सगळी एकत्र जेवू. आणि अम्मा म्हणत होती, ईद झाली की तू भिवंडीच्या खालाकडं जा थोडे दिवस. तुलाही बदल होईल, तिलाही घरकामाला सोबत.

शहनाज : बदल होईल. बरं. वळ इकडं. पदराला पिन नीट लावून देते. ही पिन सैल आहे, वारं आलं की सांभाळ. आणि हसताना तोंडावर हात नेऊ नकोस, दात चांगले आहेत तुझे. जा.

(होडी काठापासून बरीच आत गेली आहे. नथू वल्हवतो आहे.)

नथू : ऊन लागत आसंल तर पदर घ्या डोईवर. म्हमईच्या मान्साला हितलं ऊन सोसत न्हाई.

शहनाज : मी मुंबईची आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला, काका?

नथू : मौलाभाईंनी. म्हनले, पाव्हनी हाय, गर्दी सोसत न्हाई तिला, तवा त्या टेकाडामागं निवांत फिरव. लाँच परत जाऊस्तवर काठाला आनू नगंस म्हनले. तुमची ट्रंक बी कालच माझ्या खोपटात आनून ठेवलीया.

शहनाज : ट्रंक? कसली ट्रंक?

नथू : पत्र्याची, हिरवी. वर कायतरी नाव लिवलंय, मला काय वाचाया येत न्हाई. सांजच्याला मौलाभाई येत्याल, तुमास्नी पुन्याच्या ठेसनावर सोडत्याल. परत म्हमईला चालला न्हवं तुमी?

शहनाज : ट्रंकेला कुलूप होतं का?

नथू : कुलूप न्हाई, सुतळी बांदलीया. का वो? माझ्या खोपटात कुनी हात लावीत न्हाई.

शहनाज : तसं नाही. कुलपाची किल्ली माझ्याकडं असते. कुणीतरी तोडलं असेल.

नथू : सुतळी पक्की हाय, काळजी नगं. आज लई धावपळ हाय मौलाभाईंची. भाचीला बगाया पाव्हनं आल्यात न्हवं. लाँचीत बसवल्यात समद्यास्नी. मला मगाशीच कळालं, च्याच्या टपरीवर बसलो व्हतो त्येंच्या मागं.

शहनाज : काय काय बोलली माणसं?

नथू : काय बोलायचं, आपलं हेच. लेकी किती, मुलगं किती. तर तुमच्या मौलाभाईंची भैन म्हनली, लेक येकच. थोरली व्हती, ती वारली.

शहनाज : वारली.

नथू : व्हय की. दोन वर्सं झाली म्हनं. मांडीवरली काय लहान पोर न्हवं, लगीन झालेली, नांदती पोर. बोलता बोलता त्या माऊलीनं डोळ्याला पदर लावला. मला बी गलबलून आलं वो.

शहनाज : खरंच रडली?

नथू : खरंच म्हंजी काय, च्या तसाच ऱ्हायला, निवून गेला. येवढी का कुनी खोटी रडंल?

शहनाज : कशानं गेली म्हणाली?

नथू : काविळीनं. चार दिसात. लई सुखात व्हती म्हनं. नवरा मस्कतला. हितं नसला तरी दर म्हयन्याला कागद, दर ईदला साडी. ती गेली तरी त्येनं अजून दुसरं लगीन केलं न्हाई.

शहनाज : अजून केलं नाही?

नथू : न्हाई. तिच्या दुःखानं.

शहनाज : चांगला माणूस दिसतो.

नथू : व्हय तर. त्या सातारच्या बाईनं बी मान हलवली. म्हनल्या, घर खानदानी दिसतंय. तुमी वळकत व्हता काय तिला?

शहनाज : कुणाला?

नथू : मेली तिला.

शहनाज : थोडीफार. दफन कुठं केली म्हणाली?

नथू : त्ये काय कुनी इचारलं न्हाई.

शहनाज : नाही का. लाँच आता कुठं थांबते, काका?

नथू : ही काय, समूरच्या धक्क्याला. मानसं उतरत्यात, चढत्यात, वाईच येळ लागतो.

शहनाज : तिकडं घ्या.

नथू : तिकडं नगं. मौलाभाईंनी बजावलंय, लांब ठेव म्हनून.

शहनाज : होडी कुणासाठी ठरवली?

नथू : तुमच्यासाठी.

शहनाज : अख्खी?

नथू : अख्खी.

शहनाज : मग मी सांगेन तिकडं न्या.

नथू : बगा बरं. मला बोल लागंल. ...ए भैरू, इंजान बंद ठिव जरा, होडी लावतुया शेजारी. लाट मारू नगंस. ...बाई, हीच ती मान्सं. ही काय कडंला बसलीया ती नवरी मुलगी. आन ती आई, आपल्याकडं पाठ करून बसलीया बगा.

शहनाज : दिसतेय.

नथू : त्या सातारच्या बाई बोलावत्यात तुमास्नी. म्हनत्यात, येकटी बाईमानूस, होडीत कशाला, वर या, जागा हाय.

शहनाज : जागा आहे का ते त्या मुलीला विचारा.

हसिना : नको चाची. त्यांना... त्यांना गर्दी सोसत नसेल.

शहनाज : कसं ओळखलंत?

हसिना : चेहऱ्यावरून वाटलं.

शहनाज : साडी छान आहे तुमची.

हसिना : मस्कतची आहे.

शहनाज : तुम्हाला कुणी पाठवली?

हसिना : माझ्या थोरल्या बहिणीची आहे.

शहनाज : तिनं दिली नेसायला?

हसिना : ती वारली.

नथू : बाई, बसा, बसा. उभं ऱ्हाऊ नगा, होडी डुलतीया.

शहनाज : बसते. वाईट झालं. जीव होता का तिचा तुमच्यावर?

हसिना : होता.

शहनाज : आठवण येत असेल.

हसिना : आता सवय झाली.

शहनाज : हां. सवय होते. तुमच्या पदराची पिन निघालीय. आत ओढून घ्या, पाण्यात चाललाय पदर.

हसिना : हो. थँक्यू.

नथू : त्या बाई इचारत्यात, तुमी कुनाच्या, कुठल्या गावच्या.

हसिना : चाची, लाँच सुटतेय. इकडं सरकून बसा ना, ऊन येतंय तुमच्यावर.

नथू : काय सांगू त्यास्नी?

शहनाज : ती सांगेल. चला काका, सोडा होडी.

नथू : ...बरं झालं, मौलाभाई न्हवतं लाँचीत. आता कुटं घ्यायची?

शहनाज : त्यांनी सांगितलंय तिथंच. टेकाडामागं.

नथू : तुमी तर काय बोलला बी न्हाई फारसं. मला वाटलं, वळखीचं असत्याल, वर जाऊन बसाल. लाँचीत बसायची हौस दिसत व्हती तुमास्नी.

शहनाज : होती. लहान बहिणीला घेऊन बसायचे मी. मला लागायची नाही लाँच, तिला लागायची.

नथू : मग ती कुटं असती आता?

शहनाज : साताऱ्याला जाईल बहुतेक.

नथू : आसं व्हय. ...बाई, ती नवरी मुलगी वळून वळून बगतीया वो आपल्याकडं. येवढ्या लांबनं.

शहनाज : होडी किती लांब गेली ते बघत असेल.